घाट बंद होण्याआधी

मेंदोसा, ३ जून १९९३

श्रीमती एल्सिरा ओलिवारेस यांस,

मी रामिरो बुस्तोसची आई. ईस्टरच्या सुट्टीत रामिरो आपला मित्र फाबियान आणि आणखी दोन मित्रांबरोबर डोंगराचा घाट ओलांडून विन्या देल मारला आला, तुमच्या घरी भाड्याने उतरला आणि शवपेटीतून परत आला. हे तुम्हाला माहीत आहे, तरी सुरुवात सरळ केलेली बरी.

त्याची बॅग फाबियानने आणून दिली. आतले कपडे तुम्ही धुऊन, इस्त्री करून पाठवलेत. धुवायला नको होते. पण हेतू चांगला होता, म्हणून आभार मानते.

फाबियान माझा विद्यार्थी होता. भूगोलात कच्चा, पण खोटे बोलणारा नव्हे. त्याने सांगितले ते असे: शनिवारी रात्री सगळे रेन्याकाच्या किनाऱ्यावर नाचायला गेले. पहाटे बाकीचे झोपलेले असताना रामिरो एकटाच पोहायला गेला आणि बुडाला. मुलांनी पुढचे दोन दिवस तो किनारा पायाखाली घातला, नौदलाच्या माणसांबरोबर खडकाखडकातून फिरली, आणि तुम्ही त्यांच्यासाठी सूप गरम ठेवत होता. मंगळवारी रामिरो सापडला.

मला त्या सुट्टीतले सगळे हवे आहे. तो काय जेवला, कोणाशी बोलला, हसत होता का. मुलांना विचारले की माना खाली घालतात. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर माणूस समोरच्याला बरे वाटेल असे बोलतो. लिहिताना विचार करतो.

मी रडकी बाई नाही. जे असेल ते लिहा.

आपली,
इर्मा बुस्तोस

*

विन्या देल मार, २१ जून १९९३

प्रिय इर्माबाई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. कपड्यांचं चुकलं माझं. समुद्राची वाळू आणि मीठ होतं त्यांत, म्हटलं आईच्या हातात असं जायला नको. तुम्हाला तेच हवं असेल हे सुचलं नाही.

गुरुवारी रात्री आले चौघं, गाडी धुळीनं माखलेली. रामिरो पायऱ्यांवरूनच ओरडला, "मावशी, समुद्र कुठाय?" मी म्हटलं, "उतरत राहा. पाय ओले झाले की समज, पोचलास." खूप हसला. शुक्रवारी सकाळी पाण्यात शिरला आणि तसाच किंचाळत बाहेर आला. म्हणाला, तुमच्या समुद्रापेक्षा आमचा बर्फ ऊबदार. इथलं पाणी उन्हाळ्यातही हाडं गोठवतं, आणि एप्रिलात तर उन्हाळाही सरलेला. मग चौघं दिवसभर वाळूत गारठून पडलेले, पण आत यायला कोणी तयार नाही. सुट्टीचे पैसे वसूल करायचे होते ना!

गुड फ्रायडे म्हणून मी शिंपल्यांचं कालवण केलं होतं. तो ताटात वाकून बघत राहिला. "मावशी, हे माझ्याकडे बघतंय." फाबियान म्हणाला, "बघणारच. एवढा मोठा गाढव त्यानं आधी पाहिला नसेल." तरी दोनदा वाढून घेतलं त्यानं. जेवण झाल्यावर माझ्या न्हाणीघराची कडी, दोन वर्षं लागत नव्हती, ती दुरुस्त करून दिली. अजून नीट लागते.

शनिवारी संध्याकाळी शर्टाला इस्त्री मागायला आला. मी म्हटलं, "कोणासाठी रे एवढं?" तर म्हणतो, "समुद्रासाठी." पण रात्री यास्नाशी नाचला. शेजारच्या गल्लीतली, शिकतेय, चांगल्या घरची मुलगी आहे. ती सांगते, त्याचे पाय सारखे तिच्या पायांवर पडत होते आणि तो प्रत्येक वेळी माफी मागत होता.

शोधाबद्दल काय लिहू? समुद्र फार खवळला होता त्या दिवसांत. सूप तर माझ्या चुलीवर नेहमीच असतं.

एक गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटेल. किनाऱ्याच्या रस्त्यावर, खडकांसमोर, रामिरोची अनिमिता उभी राहिलीय. आमच्याकडे कोणी असा अवेळी गेला, की त्याच जागी त्याच्यासाठी हातभर घुमटी बांधतात, जिवाला आसरा म्हणून. ही सिमेंटची आहे, वर निळा रंग. रोज कोणी ना कोणी मेणबत्ती लावतं.

तुमची,
एल्सिरा

*

मेंदोसा, १५ ऑगस्ट १९९३

श्रीमती ओलिवारेस,

शर्टाबद्दल लिहिलेत, कडीबद्दल लिहिलेत. उपकार झाले. ते पत्र मी उशीखाली वगैरे ठेवलेले नाही, पण पाठ झाले आहे.

त्या घुमटीबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. मला बरे वाटले नाही. आमच्याकडेही रस्त्याकडेला असले प्रकार असतात. लोक मेलेल्यांपुढे पाण्याच्या बाटल्या मांडतात आणि ट्रक सुखरूप पोचावा म्हणून नवस करतात. माझ्या वर्गात असले कोणी बोलले, तर मी त्याला उभे करत असे. माझा मुलगा चोवीस वर्षांचा होता, पंप दुरुस्त करत होता, देवळात नाइलाजाने जात होता. त्याला रस्त्यावरचा संत करायचे काही कारण नाही. ज्याने बांधली त्याला माझ्या नावाने सांगा आणि काढून टाका.

इथले म्हणाल, तर कारखाना सुरू आहे. द्राक्षमळ्यांचे पंप दुरुस्त करण्याचा हा कारखाना माझ्या यजमानांचा. ते गेल्यावर रामिरोने सांभाळला. आता फाबियान सांभाळतो. आधीची नोकरी सोडून आला. मी म्हटले होते, "तुला कशाला हा व्याप?" तर म्हणाला, "बाई, रामिरोने माझ्यासाठी केले असते." मुलगी सिल्वाना एप्रिलपासून घरात बोलत नव्हती. आता तो आला की दोन शब्द बोलते.

त्याने दोन दिवस माझ्या मुलाला शोधले. दुसरे कोणी एवढे करत नाही.

इर्मा बुस्तोस

*

विन्या देल मार, २ नोव्हेंबर १९९३

प्रिय इर्माबाई,

उशीर झाला, रागावू नका. आज मृतांचा दिवस. मी फुलं घेऊन अनिमितेपाशी गेले होते, आणि तिथून आल्यावर लिहायचं धाडस झालं.

ती काढता येणार नाही. रोसानं बांधलीय ती. रोसा खडकांवरचं शेवाळ कापून, सुकवून बाजारात विकते, साठीची बाई आहे. पाठीवरून सिमेंट वाहून आणलं तिनं. मी तुमचा निरोप सांगितला, तर म्हणाली, "त्याच्या आईला सांग, माझे हात तोडले तरी चालतील, पण मी हे काढणार नाही." इथं अनिमितेला नगरपालिकेचा माणूससुद्धा हात लावत नाही हो. रस्ता रुंद करतील, पण तिला वळसा घालून.

आणि आता ती एकट्या रोसाची राहिलेली नाही. बोटीवर गेलेल्यांच्या बायका येतात, ज्यांची मुलं परदेशी गेलीत त्या म्हाताऱ्या येतात. म्हणतात, कोणाची वाट बघत असाल तर याच्याकडेच मागावं, याला कळतं. बिचारा किती वेळ वाट बघत बसला होता त्या खडकावर. 'मुलगा परत आला, आभार' अशी एक फरशीही कोणी लावलीय.

तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला हे भाबडं वाटेल. पण त्याच्याशी कोणी वाईट वागत नाहीये, एवढं तरी मनात असू द्या.

तुमची,
एल्सिरा

*

मेंदोसा, ४ जानेवारी १९९४

एल्सिराबाई,

तुमचे पत्र दोन महिने टेबलावर आहे. मी तीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. कोणते वाक्य चुकून लिहिले गेले आहे, ते मला दिसते.

माझा मुलगा पहाटे पोहताना बुडाला, असे मला सांगितले आहे. मग खडकावर वाट बघत कोण बसला होता? कोणाची वाट? किती वेळ? फाबियानला विचारले, तर म्हणाला, "बाई, लोक घुमटीभोवती गोष्टी रचतात." हे मला पटण्यासारखे आहे. तरी तुमच्याकडून ऐकायचे आहे.

दुसरी गोष्ट. सिल्वाना आणि फाबियानचे लग्न ५ फेब्रुवारीला आहे. वर्षही झाले नाही, म्हणून गल्लीत कुजबुज चालते. सिल्वाना स्वतःच थांबू म्हणत होती. मीच म्हटले, उरकून घ्या. या घरात एक पुरुष असावा असे नाही, मी एकटी समर्थ आहे. पण हाच असावा, असे वाटले. लग्नात रामिरोच्या जागी माझ्या शेजारी तुम्ही बसावे, अशी माझी इच्छा आहे. त्या दोन दिवसांत तुम्ही आणि फाबियान एवढीच माणसे त्याच्यासाठी धावलीत. बसचे तिकीट मी पाठवते.

उत्तर लगेच द्या.

इर्मा

*

विन्या देल मार, ५ एप्रिल १९९४

इर्माबाई,

तुमचं जानेवारीचं पत्र मी पिठाच्या डब्यामागे सरकवलं आणि तीन महिने तिकडे बघितलं नाही. लग्नाची तारीख गेली, तेव्हा वाटलं, सुटले. नाही सुटले.

परवा ईस्टरला तुमची लेक आणि जावई इथं आले होते. अनिमितेवर फुलं वाहिली, मग माझ्याकडे आले. गोड मुलगी आहे तुमची, हनुवटी रामिरोची. फाबियान तिला म्हणाला, "सिल्वाना, गाडीतलं जाकीट आण गं, थंडी वाजतेय." ती गेली तसा माझा हात धरला. "मावशी, आईला काही लिहिलं नाहीत ना?"

मी म्हटलं, "आई कोणाला म्हणतोयस?"

"बाईंना. आता आईच म्हणतो."

तो शब्द ऐकला आणि मला माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहवेना. म्हणून लिहितेय. बसून वाचा.

त्या रविवारी मुलं उशिरा उठली. रामिरोचा पलंग तसाच होता, चादरही विस्कटलेली नव्हती. रेडिओवर सांगत होते, वर बर्फ पडतोय, संध्याकाळी घाट बंद करणार. एकदम पळापळ. मी म्हटलं, "अरे, एक जण यायचाय." फाबियान पायात बूट घालत हसत होता. "मावशी, त्याला पोरगी मिळालीय. आम्हाला घाट मिळाला नाही तर उद्या माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, "निदान खाली किनाऱ्यावर एक चक्कर तरी मारा." तर गाडीत बसता बसता ओरडला, "त्याला सांगा, बस मिळाली नाही तर डोंगर चालत ओलांड!" आणि गेले. एवढंच. कोणी शोधलं नाही, इर्माबाई. शोधलंच नाही.

घाट त्यांना मिळाला नाहीच. ते पोचण्याआधी बंद झाला. दोन रात्री खाली लोस आंदेस गावात अडकून पडले. मी संध्याकाळी पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, ईस्टरला आलेली तरणी पोरं दोन दिवसांनी आपोआप सापडतात. मंगळवारी फाबियानचा फोन आला, रामिरो बसनं निघाला का विचारायला. तेव्हा मी सांगितलं की तो सापडलाय. गाडी उलटी फिरवून आला. माझ्या फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला. "बाईंना सांगू नका." तेव्हा मी त्याला सूप दिलं. तेच ते सूप.

आता जे त्यालाही माहीत नाही, ते सांगते.

रामिरो पोहायला गेलाच नव्हता. यास्नाला दारापर्यंत सोडलं आणि खडकांकडे गेला. ओहोटी होती. ओहोटीला त्या मोठ्या खडकापर्यंत कोरड्या पायांनी जाता येतं, भरतीला त्याचं बेट होतं. आमची शेंबडी पोरंही तिथं डोळा लागू देत नाहीत. त्याला कोण सांगणार? तो तिथं झोपला. उठला तेव्हा चारी बाजूंनी पाणी, आणि लाटा अशा की पोहणाऱ्यानंही उडी टाकू नये. त्यानं टाकली नाही. शहाणा होता. वाट बघत बसला, कोणीतरी शोधायला येईल म्हणून.

रोसा दुपारी शेवाळ गोळा करत होती. तिनं लांबून पाहिलं, खडकावर एक तरुण बसलाय. वाटलं, गळ टाकून बसला असेल. त्यानं हात वर केला. ईस्टरचा दिवस, सगळे सगळ्यांना हात करतात. तिनंही केला. त्यानं पुन्हा केला, तिनं पुन्हा केला, आणि टोपली उचलून घरी गेली. त्यानंतर लाटा वाढल्या.

पाठीवरून सिमेंट तिनं का वाहिलं, ते आता कळलं असेल.

तुमच्या पहिल्याच पत्रात फाबियानबद्दल इतकं चांगलं लिहिलेलं होतं. ते वाचून माझा हात थांबला. वाटलं, या बाईचा एक मुलगा गेलाय, हा टेकायला सापडलाय, तोही मी काढून घेऊ? आता कळतं, तेव्हाच काढायला हवा होता.

तुमच्या मुलीला यातलं काही ठाऊक नाही. तिला कसं सांगायचं, की सांगायचंच नाही, ते तुम्ही ठरवा. माझं डोकं चालत नाही.

एल्सिरा

*

मेंदोसा, २ मे १९९४

एल्सिराबाई,

तुमचे पत्र मिळाले. बसून वाचले.

भरती-ओहोटी मी तीस वर्षे शिकवली. फळ्यावर चंद्र काढायची, पृथ्वी काढायची, बाण काढायचे. रामिरोही त्या वर्गात होता, फाबियानही. दोघांना पैकीच्या पैकी गुण दिले असतील की नाही, आठवत नाही. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

तुम्हाला माझ्या मुलीची काळजी वाटली. तो गैरसमज आधी दूर करते.

मी तिच्या घरी गेले. फाबियान कारखान्यात होता. तिला दिवस गेलेत, तिसरा महिना. ती चुलीपाशी मुरांबा ढवळत होती. मी खुर्चीवर बसले नाही.

"सिल्वाना, त्या रविवारी फाबियान कुठे होता?"

ती ढवळत राहिली. "लोस आंदेसला. अडकले होते."

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"रामिरोला पुरलं त्या संध्याकाळपासून. त्यानं स्वतः सांगितलं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"मीच नको म्हटलं. तू त्याला पुन्हा दारात पाऊल टाकू दिलं नसतंस. मग मलाही त्याच्याबरोबर बाहेर राहावं लागलं असतं, आणि तू एकटी पडली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत नाही का?"

"म्हणजे माझ्यासाठी केलंस."

"टोमणे मारू नकोस, आई. माझ्यासाठीही केलं."

"माफ केलंस त्याला?"

"नाही," ती म्हणाली. "लग्न केलं."

मी माझ्या मुलीला कधी हुशार समजले नव्हते. हुशार रामिरो होता.

मग तिने पळी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली. "मी रात्र रात्र जागून विचार केलाय, आई. रामिरो पहाटेच गेला. हे उठले तेव्हा तो जगात नव्हता. सगळा किनारा उपसला असता, तरी हाताला काय लागलं असतं? प्रेत. फाबियान खोटं बोलला, भित्रा आहे तो, पण रामिरो त्याच्यामुळे गेला नाही. एवढं एकच मी घट्ट धरून ठेवलंय. ते सुटलं, तर या माणसाशेजारी झोपू कशी मी? याचं मूल पोटात घेऊन जाऊ कुठे?"

माझ्या तोंडात ते वाक्य तयार होते. दुपारी तो जिवंत होता. हात हलवत होता. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, की खरे असेल ते उभे राहून मोठ्याने बोला. मी उभीच होते.

मी म्हटले, "ढवळ. खाली लागतंय."

ती ढवळू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू ओरडशील असं वाटलं होतं." मी म्हटले, "माझं वय झालं." आणि घरी आले.

तुमचे पत्र आले त्या रात्री मी तुम्हाला एक उत्तर लिहिले होते. तुम्ही दया म्हणून गप्प बसलात, आणि तुमच्या त्या दयेमुळे मी स्वतःच्या हाताने त्या माणसाला माझ्या जेवणाच्या टेबलाशी आणून बसवले, असे त्यात होते. आणखीही बरेच होते. तुम्हाला कायमचे लागले असते. मुलीकडून परत आल्यावर ते चुलीत घातले. दया वाटली म्हणून नव्हे. ते लिहिण्याचा हक्क मला होता, तो दुपारी मुलीच्या स्वयंपाकघरात मी घालवून आले.

फाबियान दर रविवारी जेवायला येतो. अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजतो आणि पहिला तुकडा माझ्या ताटात ठेवतो. काल विचारत होता, "आई, मीठ बरोबर आहे ना?" मी म्हटले, "बरोबर आहे." त्याने पुन्हा तेच विचारले. सिल्वानाने त्याला सांगितले असावे की मला घाटाचे कळले आहे. मी मांस कापत राहिले, आणि तो उरलेले सगळे जेवण माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. बघू दे. त्याला वाटते, मला ठाऊक आहे ते एवढेच.

यापुढे मला पत्र पाठवू नका. सिल्वाना रोज इथे येते, पाकिटे तिच्या हाती पडतात, आणि आता ती माझी पत्रे उघडल्याशिवाय राहणार नाही.

एकच काम सांगते. पुढच्या ईस्टरला मूल घेऊन ते दोघे पुन्हा तिकडे येणार आहेत. तिने ठरवले आहे, मला अडवता येणार नाही. त्या घुमटीपाशी जमणाऱ्या तुमच्या बायकांना सांगा, की तो पहाटेच गेला, वाटबिट कोणी बघितली नाही. विश्वास बसत नसेल तर म्हणा, त्याच्या आईने शपथेवर कळवले आहे.

आणि रोसाला तो आठवडाभर घरी ठेवा.

इर्मा बुस्तोस